एका काट्याला दोन पाणी

माझे वडील, अण्णा, आणि आत्या, सख्खी भावंडं, सोळा वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. कारण मी काढलेला एक आलेख. लोकांना सांगताना मी जमिनीचं, बांधाचं कारण सांगते, ते सोपं पडतं, कुणी पुढं विचारत नाही. पण खरं कारण म्हणजे पाटोद्याच्या बाजारातून आणलेला चौकटीचा कागद, त्यावर माझ्या हातची पेन्सिल, आणि त्यावर गणिताच्या सरांनी उभी धरलेली एक पट्टी. आज इतक्या लांब बसून लिहितानासुद्धा डोकं तापतं.

माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील. आलेखात नव्हती.

आमचं गाव माळावर. खाली साठवण तलाव, वर मुरमाड रानं. तलावाचं पाणी वर चढवायला उपसा सिंचनाची सहकारी संस्था निघाली आणि अण्णा तिच्या पंपावर लागले. पंपाला एक गोल गेज होतं. पंप पाणी किती मीटर वर ढकलतोय ते त्याचा काटा दाखवायचा. वर माळाच्या डोक्यावर हौद. हौदाच्या भिंतीला खाच, तिच्यातून पाणी चारीत पडायचं. खाचेत पाणी किती उभं आहे ते बोटांनी मोजायचे. हात आडवा लावायचा, "चार बोटं हाय", "पाच बोटं हाय". पहिल्या वर्षी त्यावरून मारामाऱ्या झाल्या, कारण ज्याची पाळी त्याची बोटं जाड व्हायची. मग सर्वसाधारण सभेनं ठराव करून एका म्हाताऱ्याची बोटं कायम केली. तो मरेपर्यंत संस्थेची बोटं तीच. म्हातारा दिवसातून दोनदा हौदावर जायचा, खाचेला हात लावायचा, आणि भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचा. खाली अण्णा वहीत काटा लिहायचे. इमानी मोजमाप होतं. लोक हसले तरी मी म्हणेन, इमानी होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. तलावाचं पाणी मागं सरकायला लागलं. पंप लोखंडी गाड्यावर बसवलेला होता. पाणी मागं गेलं की दहा माणसांनी दोर धरून गाडा खाली उतरवायचा आणि वरच्या बाजूला एक पाइप वाढवायचा. म्हणजे दर आठवड्याला चढ वाढायचा. काटा अठ्ठावीसचा तीसवर गेला, मग तेहेतीसवर. बोटं सहाची पाच झाली, मग चार. इथपर्यंत सगळ्यांना समजत होतं. चढ जास्त, पाणी कमी.

काटा चौतीस-पस्तीसला गेला तसा पंप खडखडायला लागला. अण्णा पुढचा वॉल, म्हणजे पाणी कमी-जास्त करायची चावी, अर्धा दाबून त्याला शांत करायचे. त्यात लाइट दिवसातून चारदा जायची. परत आली की अण्णा बटण दाबायचे, आणि कधी पाणी वर जायचं, कधी जायचंच नाही. पंप चालू, मोटार गरम, काटा तेहेतीसवर, आणि वर हौद कोरडा. ह्याच तेहेतीसवर पंधरा दिवसांखाली चार बोटं पाणी होतं.

"काटा तेहेतीस म्हंतो, मग पाणी गेलं कुठं?" वरचे सभासद विचारायचे.

"पाइपात झोपलं आसंल बे."

"झोपलं न्हाई. वाटंत बहिणीच्या घरी मुक्कामाला उतरलं."

पाइपलाइन आत्याच्या रानातून जायची. आत्या विधवा, रानातच घर करून राहायची. तिच्या बांधाला हवा सोडायचा एक वॉल होता, तो थोडा गळायचा. त्या ओलीशेजारी तिची मोसंबीची चार झाडं हिरवी होती. भांडी घासलेलं पाणी ती डोक्यावर नेऊन त्यांना घालायची, मी कितीदा तिच्याबरोबर घागर धरली आहे. पण त्या वर्षी हिरवं दिसणं हाच गुन्हा होता. पंपावर भाऊ, पाइपाजवळ बहीण. लोकांचा हिशोब तिथंच पूर्ण झाला.

संस्थेनं सभा लावली. अण्णा रात्रंदिवस वही घेऊन बसायचे. त्यांना अक्षर ओळख होती, आकडे लिहिता यायचे, पण भांडता यायचं नाही. मी म्हटलं, अण्णा, मी आलेख काढते. नववीत नुकताच शिकवला होता आणि वर्गात माझाच आलेख फळ्यावर लावला होता. मला वाटलं, सगळे आकडे एका कागदावर मांडले की लोकांना दिसेल की काहीतरी पंपाचंच आहे, माणसाचं नाही. मी हौदाच्या भिंतीवरच्या रेघा उतरवून आणल्या. अण्णांच्या वहीतला काटा घेतला. काटा आडव्या अक्षावर, बोटं उभ्या अक्षावर. तसं का, तर अण्णांना काटा आधी दिसायचा आणि पाणी नंतर कळायचं. एवढंच.

ठिपके जोडले तर रेघ वरून उतरत उजवीकडं गेली, पस्तीसपाशी वळली, आणि खालून परत डावीकडं आली. विळ्यासारखी. मला ती रेघ आवडली होती. इतके वेगवेगळ्या दिवसांचे ठिपके, आणि सगळे एका वळणात बसले होते. कुणी चोरून पाणी घेतलं असतं तर ठिपके कसेही सांडले असते. हे मला त्या वयात कळलं होतं, फक्त बोलता आलं नाही.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. संस्थेचे चेअरमन तेच शाळेचे अध्यक्ष, आणि आमचे गणिताचे सर संस्थेचे सचिव. अण्णांनी मला पुढं केलं. मी कागद सतरंजीवर पसरला. सरांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, मग माझ्याच कंपासातली पट्टी मागितली. तेहेतीसवर पट्टी उभी धरली.

"ही उभी रेघ," सर म्हणाले, "आलेखाला किती ठिकाणी छेदते?"

"दोन," मी म्हटलं. शाळेत उत्तर द्यायची सवय.

"शाबास. हे तुला पुढं अकरावीत येईल. उभी रेघ एकाच ठिकाणी छेदली तर ते फलन. एका किमतीला एकच उत्तर. दोन ठिकाणी छेदली तर ते फलन नाही."

चेअरमन पानाला चुना लावत होते. "मास्तर, आमाला कळंल आसं बोला."

"साहेब, पंप म्हणजे यंत्र. यंत्राला एका काट्याला एकच पाणी असतं. इथं एका काट्याला दोन पाणी दिसतंय, चार बोटं आणि शून्य. यंत्र खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

चेअरमननी पान तोंडात टाकलं. मग मागून एक जण म्हणाला, "पोरीनंच बापाला धरून दिलं की बे." आणि सगळे हसले. सरसुद्धा थोडे हसले. ते हसू मी विसरलेली नाही, विसरणार पण नाही.

अण्णांना त्याच दिवशी पंपावरून काढलं. त्यांची वही सचिवांनी ठेवून घेतली. पण ह्याच्याहून वाईट पुढं झालं. अण्णांना ठाऊक होतं की आपण पाणी दिलेलं नाही. आणि सर म्हणाले होते की यंत्र खोटं बोलत नाही. मग राहिलं कोण? अण्णा सभेतून उठले ते घरी आलेच नाहीत, सरळ आत्याच्या रानात गेले. मी मागं पळत गेले होते. अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "तू वॉल खोलला व्हतास का, ते सांग." आत्या खुरपं टाकून उठली. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन परत नाही म्हणाली. अण्णांनी दार लावून घेतलं. सरांची पट्टी त्यांच्या डोक्यात रुतली होती, आणि त्यांनी एक साधी वजाबाकी केली, त्यात बहीण गेली.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गेलो, कारण गावात कुणी अण्णांना कामावर घेईना. माझं दप्तर घरीच राहिलं. परत आलो तेव्हा नववीची परीक्षा होऊन गेली होती. मग लग्न. माझा नवरा बोअर पाडणाऱ्या गाडीवर होता. दुष्काळात आमच्याकडं जमिनीला भोकं पाडायला तमिळ लोकांच्या गाड्या येतात, त्यातल्या एकीबरोबर तो गेला आणि मी त्याच्यामागं. असं करत आम्ही कोइमतूरला पोचलो. इथं गल्लोगल्ली पंप बनतात. म्हणजे मला जगात ज्या वस्तूचा सगळ्यात जास्त राग, तीच बनवायला मी लागले.

आधी मोटारीची वायर गुंडाळायचे. मग टेस्टिंगच्या बाकावर एका अक्कांच्या हाताखाली आले, कारण मला आकडे नीट लिहिता यायचे. अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, कमी बोलायच्या, अर्धं हिंदी अर्धं तमिळ. त्या नसत्या तर मी काय झाले असते ह्याचा मी विचार करत नाही. भाड्याची खोली त्यांनी बघून दिली, लेकराला शाळेत त्यांनी घातलं, बँकेत खातं काढून त्यावर माझी सही त्यांनी करवली. मी सतत घाबरलेली असायचे, अजून असते. एक आकडा चुकला की काढून टाकतील, गावाकडून फोन आला की कुणीतरी गेलं असेल. अक्का म्हणायच्या, आधी श्वास घे, मग आकडा लिही.

एके दिवशी एका नव्या पंपाची चाचणी चालली होती. अक्का वॉल थोडा थोडा दाबत होत्या, एक पोरगी मीटर वाचत होती, मी लिहीत होते. आकडे बघता बघता माझे कान गरम झाले. मघाशी एका काट्याला भरपूर पाणी होतं, आता त्याच काट्याला थेंब. मी पेन ठेवलं आणि अक्कांना म्हटलं, ही पोरगी खोटं वाचतेय. एका काट्याला दोन पाणी होत नाही. हे फलन नाही.

ती पोरगी रडायला लागली. मी सगळ्यांसमोर तिला चोर ठरवलं होतं. व्हरांड्यात बसलेल्या आमच्या सरांसारखंच.

अक्का मला ओरडल्या नाहीत. स्टूल ओढलं. "आलेख काढ," म्हणाल्या. मी काढला, काटा आडवा, पाणी उभं. विळा. तोच. अक्कांनी दुसरा कागद दिला. "आता पाणी आडवं घे. काटा उभा." मी काढला. डावीकडून रेघ थोडी वर चढली, एक टेकडी झाली, मग उजवीकडं उतरत गेली.

"आता तुझी पट्टी उभी धर. कुठंही धर."

मी धरली. सरकवत गेले. प्रत्येक ठिकाणी एकच छेद. एवढं पाणी वाहतंय तर काटा इतकाच, दुसरा नाही.

"पंपाला विचार, इतकं पाणी देतोस तर किती जोर लावतोस, तो एकच उत्तर देतो," अक्का म्हणाल्या. "त्याला उलटं विचार, इतका जोर लावतोस तर पाणी किती, तर टेकडी असलेला पंप दोन उत्तरं देतो. दोन्ही खरी. तू विचारलं उलटं आणि खोटं ठरवलंस पोरीला."

मी विचारलं, असा पंप कधी कधी चालू असून पाणीच देत नाही का. अक्का म्हणाल्या, चढ फार वाढला, पाइप भरलेला असताना लाइट जाऊन आली, तर तो परत ती टेकडी चढू शकत नाही. जागेवर फिरत राहतो. काटा दाखवतो, पाणी शून्य. पाइप रिकामा असला तर मात्र चढतो. त्यांना हे सांगताना काहीच विशेष वाटत नव्हतं. हा पंप बाद, म्हणून त्यांनी कागदावर खूण केली आणि जेवायला गेल्या.

मी त्या पोरीची माफी मागितली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. अण्णांनी पाणी दिलं नव्हतं. आत्यानं घेतलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं.

अक्कांकडं मी त्या दोन्ही कागदांची झेरॉक्स मागितली आणि मागताना चार वेळा सांगितलं की कंपनीचं नाव कापून टाकीन. त्यांनी स्वतः कात्रीनं कापलं आणि सुट्टीच्या अर्जावर सही केली.

गावी जाताना मी आधी सरांकडं गेले. मला राहवलं नाही. सर निवृत्त, पाटोद्यात स्लॅबचं घर, अंगणात तुळस. त्यांनी ओळखलं, चहा मागवला. मी दोन्ही कागद ठेवले. सरांनी चष्मा लावला आणि, देवाची शपथ, त्यांचा चेहरा खुलला.

"वा. बरोबर आहे. अक्षांची अदलाबदल. सुंदर उदाहरण आहे. मला एक प्रत देशील?"

"सर, तुम्ही सभेत म्हणालात यंत्र खोटं बोलत नाही."

"मग बरोबरच होतं की. यंत्र खोटं बोललं नाही."

"माझ्या बापाला काढलं सर तुम्ही."

सरांनी कप खाली ठेवला. "बाळ, राग धरू नकोस. मी समोर आलेल्या आलेखावर बोललो. अक्ष मी ठरवले नव्हते. तू ठरवले होतेस."

हे खरं होतं. म्हणूनच मला त्यांच्या तुळशीवर तो चहा ओतावासा वाटला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं काटा आडवा घेतला, तर गणिताच्या मास्तरला तो उभा करून बघायला काय झालं होतं? पट्टी फिरवायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, सर, चला गावात आणि हे सगळ्यांसमोर सांगा. ते म्हणाले, संस्था बंद पडली, पंप भंगारात गेला, ठरावाची वही तालुक्याला जमा आहे, आता सांगून कुणाला काय. मी प्रत दिली नाही. चहा पण ठेवून आले.

अण्णांना मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ उलटा धरला होता. मी सुलटा केला आणि सगळं सांगितलं, टेकडी, भरलेला पाइप, लाइट. अण्णा पंपावरचा माणूस, त्यांना माझ्याआधीच कळलं. "तरीच खडखडायचा," म्हणाले. मग कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हंजे तिनं न्हाई घेतलं."

सकाळी आम्ही आत्याच्या रानात गेलो. मोसंबीची झाडं कधीच वाळून गेली होती. आत्या सुपात हरभरा पाखडत होती. अण्णा अंगणाच्या कडेला उभे राहिले. त्यांना सुरुवात जमेना, म्हणून मीच कागद उघडला.

"आत्या, पंपाचा कागद हाय. पाणी कुणीच घेतलं न्हवतं. तो पंपच तसा होता."

आत्यानं कागदाकडं बघितलंच नाही. अण्णांकडं बघितलं. "कोन म्हनलं?"

"कागद म्हंतो," अण्णा म्हणाले.

"म्या म्हनले व्हते." सूप तिच्या हातातच होतं. "तुझ्या दारात पदर पसरून म्हनले व्हते, म्या वॉलला हात न्हाई लावला. तवा तुला पुरलं न्हाई. आता परमुलखातल्या कागदानं पुरलं व्हय?"

"आत्या, चूक माझी..." मी म्हटलं.

"तू गप. तू लेकरू व्हतीस." आणि परत अण्णांना, "कावून आलास? मला सांगाया? मला ठाव हाय. ज्यांच्या म्होरं मला चोर केलंस त्यास्नी जाऊन सांग."

तिनं बस म्हटलं नाही. अण्णा तसेच वळले आणि गावात निघाले, मी मागं. चावडीसमोर कडुलिंबाखाली चार-पाच म्हातारे बसलेले होते. त्यातले तिघं तरी त्या सभेत होते, एक तर मागून बोलला होता तोच. अण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या सालात माझ्या बहिणीनं पाणी न्हाई घेतलं. पंप खराब व्हता."

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. मग जो मागून बोलला होता त्यानं विचारलं, "कोनता पंप?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आमची सोळा वर्षं, माझी शाळा, आत्याचं माहेर, आणि ह्याला पंपच आठवत नाही. मी काहीतरी बोलणार होते. पण अण्णांनी हातानं मला थांबवलं, खाली बसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. तलाव, गाडा, काटा, म्हाताऱ्याची बोटं. सभेत एक शब्द न बोललेला माणूस. कागद त्यांनी एकदाही मागितला नाही. निम्म्यात एक म्हातारा उठून गेला, तरी ते सांगत राहिले.

आत्या आमच्या मागून आली होती हे मला उशिरा दिसलं. दुकानाच्या पायरीशी उभी होती, हातात तेलाची बाटली. अण्णांचं संपेपर्यंत थांबली. मग माझ्याजवळ येऊन, अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाली, "त्याला म्हनावं, जेवाया यायचं आसंल तर ये. म्या बोलावलं न्हाई म्हनावं."

माझी बस दुपारची होती. अण्णा रानाच्या वाटेनं चालायला लागलेले मी बघितले, पुढं आत्या, मागं बरंच अंतर ठेवून अण्णा. ते जेवले का, ती काही बोलली का, हे मी अजून फोनवर विचारलेलं नाही. रोज ठरवते आणि रोज राहतं.